दोन गावांचा सूर्य

मुंबईला समुद्राकाठी घर असावे, ही खान्देशातील व्यापारी कुटुंबांच्या मनातील जुनी आकांक्षा आहे. जळगाव-भुसावळच्या बाजारपेठेत दोन पिढ्या काढलेल्या माणसासमोरही वाळकेश्वरचे नाव निघाले की तो क्षणभर थांबतो. मलबार हिलची दाट झाडी, टेकडीच्या टोकाला राज्यपालांचे निवासस्थान, पायथ्याशी बाणगंगेचा तलाव, चालत जाता येईल अशा अंतरावर जिनालय आणि उपाश्रय, कांदा-लसणाविना चालणारी शेजारपाजारची स्वयंपाकघरे, आणि खिडकीत अरबी समुद्र! श्रावकाच्या संसाराला आणखी काय हवे? नशिराबादच्या एका घरातून तेथे राहावयास गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या श्राविकेला मात्र या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आठ महिने लागले. आणि तेही मिळाले एका छापील कागदाच्या निमित्ताने.

घरात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. जळगावहून भुसावळकडे निघाले की साधारण १० किलोमीटरवर नशिराबाद लागते. तेथे बाईंच्या यजमानांची भुसार मालाची पेढी होती. पुढे दुकान, मागे घर, मध्ये ओसरी, वर धाबे, अशी ती वास्तू. यजमान गेले, पेढी मिटली, मुली आपापल्या घरी नांदू लागल्या. धाकट्या मुलाने मुंबईत मशीद बंदरला रसायनांचा व्यापार उभा केला आणि वाळकेश्वरला भाड्याचे घर घेतले. बाई मात्र नशिराबाद सोडीनात. शेवटी एका वैशाखात, पारा ४४ अंशांवर गेलेला असताना, भर दुपारी ओसरीवर त्यांना भोवळ आली. शेजारणीने हाक मारली म्हणून बरे. आठ दिवसांनी मुलगा त्यांना मुंबईस घेऊन आला. येताना बाईंनी फारसे काही घेतले नाही. आसन, मुहपत्ती, माळ, सामायिकाची पुस्तके आणि भिंतीवरचा एक कागद. जळगावच्या संघाने छापलेले ते वर्षाचे समयपत्रक होते. त्यात सूर्योदय, नवकारसी, पोरिसी आणि सूर्यास्त यांच्या वेळा तारीखवार दिलेल्या होत्या. वाळकेश्वरच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, सूनबाईंनी तो कागद आदराने लावून दिला.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. ज्याने खान्देशची लू सोसली आहे, त्यालाच समुद्राच्या वाऱ्याचे मोल कळते. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढली की तिची जागा घेण्यास समुद्रावरची हवा आत येते. मे महिन्यात नशिराबादचा पारा चाळिशीच्या खाली उतरण्याचे नाव घेत नाही, तेव्हा मुंबईत तो बहुधा ३३-३४ अंशांवर असतो. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीचा पडदा फुगू लागे आणि बाई आसन टाकून सामायिकास बसत. या वयात घामाने डोके न फिरता ४८ मिनिटे स्थिर बसता येते, ही केवढी पुण्याई, असे त्या सूनबाईंना म्हणत.

पावसाळा आला आणि त्या सुखाची दुसरी बाजू दिसू लागली. जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत तो २,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. नशिराबादच्या धाब्यावर वाळवलेले बिबडे, कुरडया आणि मुगाचे पापड डब्यात वर्षभर कडकडीत राहत. वाळकेश्वरला तेच पापड चार दिवसांत मऊ पडले. मिठाला पाणी सुटले. डाळीच्या डब्याला ओलसर वास येऊ लागला. जैन गृहिणीला ही केवळ अडचण नसते. बुरशीत, शेवाळात अनंत जीवांचा वास आहे, असे शास्त्र सांगते. म्हणून पिठाची आणि मिठाईची कालमर्यादा पावसाळ्यात सर्वांत कमी धरली आहे. जेथे हवाच ओली, तेथे लीलन-फूलन होऊ न देणे हे रोजचे व्रत होऊन बसते. सूनबाई दर तिसऱ्या दिवशी डबे रिकामे करीत, पुसत, कोरडे करीत. पीठ थोडे थोडेच दळून आणीत. मंद आचेवर तवा ठेवून त्यावर पापडांचा थर शेकून घेत. बाई हे पाहत आणि म्हणत, “आमच्या नशिराबादला असली कटकट नाही.” सूनबाई काही बोलत नसत. त्यांना या शहरात येऊन २० वर्षे झाली होती, आणि दर चातुर्मासात त्या हेच करीत आल्या होत्या.

बाईंच्या त्या वाक्याचा पुढे सर्व गोष्टींना उपयोग होऊ लागला. आमच्या नशिराबादला पाणी गोड. आमच्या नशिराबादला शेजारी दार लोटून आत येतो. आमच्या नशिराबादला सूर्य वेळेवर मावळतो. हे शेवटचे वाक्य प्रथम विनोदाने आले. खिडकी पश्चिमेची असल्यामुळे मावळता सूर्य बाईंना अगदी समोर दिसे. चौविहार त्या जळगावच्या समयपत्रकाप्रमाणे करीत. पत्रकातील वेळ भरली की पाण्याचा शेवटचा घोट घेऊन हात जोडीत; आणि समोर पाहावे, तर सूर्य अजून समुद्रावर उभाच! खाली रस्त्यावर फिरावयास निघालेल्या ओळखीच्या बाया विचारीत, “बाई, अजून उजेड आहे, इतक्या लवकर?” बाई म्हणत, “आम्ही आमच्या गावची वेळ पाळतो.” इमारतीत त्यांच्या दृढतेचे कौतुक झाले. आपल्या सुनांना बाईंचे उदाहरण देणाऱ्या सासवाही निघाल्या. बाईंना ते ऐकून बरे वाटे. परक्या शहरात आपले म्हणून काही टिकवून धरल्याचे ते समाधान होते. त्यात थोडा मानही मिसळला होता, हे त्यांना अद्याप कळावयाचे होते.

ते कळले पौष महिन्यात. नववीत शिकणारी नात भूगोलाचा अभ्यास करीत स्वयंपाकघरात बसली होती. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका रेखांशाला चार मिनिटे. नशिराबाद मुंबईच्या पूर्वेस पावणेतीन अंशांहून थोडे अधिक. म्हणजे सूर्य आधी नशिराबादला उगवतो आणि साधारण अकरा मिनिटांनी मुंबईला. मावळतानाही तोच क्रम. नशिराबाद थोडे उत्तरेसही असल्यामुळे हे अंतर ऋतूप्रमाणे सात मिनिटांपासून पंधरा मिनिटांपर्यंत बदलते. तिने मोबाइलवर दोन्ही ठिकाणच्या वेळा काढून ताडून पाहिल्या आणि आनंदाने हाक दिली, “बाई, म्हणून तुमचा सूर्य लवकर मावळतो!”

बाई हसल्या. मग नात वही पुढे सरकवीत म्हणाली, “पण मग सकाळी काय?”

स्वयंपाकघर एकदम शांत झाले. संध्याकाळी नशिराबादची वेळ पाळली तर चौविहार अधिक सुरक्षित. दहा मिनिटे आधीच तोंड बंद. परंतु सकाळी? नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतरची दोन घटका, अर्थात ४८ मिनिटे. ती मोजावयाची कोणत्या सूर्योदयापासून? नशिराबादला सूर्य उगवून ४८ मिनिटे झाली, तेव्हा वाळकेश्वरला बहुतेक दिवशी चाळीसदेखील पुरी झालेली नसत. उन्हाळ्यात तर जेमतेम तेहेतीस. पत्रकातील मिनिटाला मिनिट धरून पच्चक्खाण पाळणाऱ्या बाई आठ महिने रोज सकाळी मुदतीच्या आधीच पाणी घेत होत्या. घर समुद्राकडे तोंड करून होते. त्याच्या खिडकीतून मावळता सूर्य दिसे. उगवता सूर्य इमारतीच्या पाठीमागे, टेकडीच्या पलीकडे राही. जो दिसत नव्हता, त्याच्याविषयी बाईंनी कागदावर विश्वास ठेवला होता, आणि कागद दुसऱ्या गावचा होता.

त्या दिवशी बाई फारशा बोलल्या नाहीत. नात रडवेली झाली. आपण उगाच बोललो असे तिला वाटले. बाईंनी तिला जवळ घेतले आणि म्हणाल्या, “तू मोठे पाप टाळलेस माझे.” पण रात्री प्रतिक्रमणानंतरही त्यांचे आसन बराच वेळ उचलले गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या उपाश्रयात विराजमान असलेल्या साध्वीजींकडे आलोचनेसाठी गेल्या. सर्व सांगितले. साध्वीजींनी शांतपणे ऐकले. पोरिसीच्या पच्चक्खाणात जे आगार सांगितले आहेत, त्यांत ‘पच्छन्नकाल’ आणि ‘दिसामोह’ ही दोन नावे येतात, याची त्यांनी आठवण करून दिली. ढगांनी किंवा धुळीने सूर्य झाकला गेल्यामुळे वेळ कळली नाही, अथवा दिशेची भूल पडली, तर नकळत झालेल्या चुकीने पच्चक्खाण मोडत नाही. माणूस भुलतो हे पूर्वाचार्यांना ठाऊक होते. नवकारसीतही अजाणतेपणाला आगार आहेच. “पण बाई,” त्या म्हणाल्या, “भूल कळल्यावरही तिला धरून बसले, तर तो आगार राहत नाही. देह जेथे असतो, तेथला सूर्य साक्षी असतो.”

बाईंनी प्रायश्चित्त मागितले, ते मिळाले. मग थोडे थांबून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी घरी कोणालाही सांगितली नव्हती. सकाळची चूक अजाणतेपणी झाली. परंतु संध्याकाळी समोर सूर्य दिसत असताना लोकांच्या डोळ्यांदेखत हात जोडताना मनात जे सुख होत होते, ते अजाणतेपणाचे नव्हते. सूनबाई २० वर्षे या ओल्या हवेत डबे पुसून धर्म सांभाळते आहे, आणि आपण गावाचे नाव सांगून तिला कमी लेखतो आहोत, हेही त्यांना आत कोठेतरी कळत होते. आलोचना खऱ्या अर्थाने त्या क्षणी झाली.

सूर्याची वेळ सोडणे कठीण असते, हा अनुभव एकट्या बाईंचा नाही. खुद्द मुंबईचाही आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. शहरवासीयांना हा बदल रुचला नाही. आपला मध्यान्ह आपल्या सूर्याने ठरावा, असा त्यांचा आग्रह होता. ‘मुंबई टाइम’ त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिली आणि १९५५ मध्ये तिचा शेवट झाला. आज घड्याळे साऱ्या देशाची एक आहेत. व्यापाराला, रेल्वेला, बँकेला ते आवश्यकच आहे. परंतु नवकारसी आणि चौविहार अजूनही प्रमाणवेळेने चालत नाहीत. ज्या गावी राहावे त्या गावच्या आकाशाकडे पाहावे लागते. प्रवासी व्यापाऱ्याला जागोजागी नम्र करणारी ही व्यवस्था आहे.

याच शहरात एका जैन मातेची आणि सूर्यास्ताची गोष्ट दगडात उभी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खान्देशचा कापूसही तेव्हा मुंबईच्या बंदराकडे धावला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद हे नाव सर्वांच्या तोंडी होते. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजनांचे समभाग आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. प्रेमचंदांचेही अतोनात नुकसान झाले. परंतु तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला जे दान दिले होते, ते राहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या घड्याळाच्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव आहे. मातोश्री सूर्यास्तापूर्वी भोजन करीत आणि मनोऱ्याच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे, अशी आख्यायिका सांगितली जाते. समुद्राकाठच्या या शहराने पैसा दिला आणि परतही घेतला. आईच्या नेमाशी जोडलेले नाव मात्र त्याने जपून ठेवले.

माघात घराचा प्रश्न निघाला. भाड्याचे घर सोडून त्याच इमारतीतील एक सदनिका विकत घेण्याचे मुलाने ठरविले होते. ती बाईंच्या नावे घ्यावी, अशी त्याची इच्छा. आईचा मान हे एक कारण, आणि व्यवहार हे दुसरे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. कोटीमागे लाख रुपये वाचतात. वाळकेश्वरच्या भावात ही रक्कम लहान नाही. पैशाची थोडी ओढ होती, तेव्हा नशिराबादचे बंद घर विकावे, असेही त्याने सुचविले.

बाईंनी त्याला शांतपणे बसविले. “तीस वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांनी आणि मी जोडीने परिग्रह-परिमाण घेतले. माझ्या नावाने राहते घर एकच. हे घेतले तर ते सुटले पाहिजे.”

मुलाने वाटा शोधल्या. घर नावावर असले तरी वापर आमचाच. नशिराबादचे घर कागदोपत्री माझ्या नावे करून घेऊ. कागदच तर बदलायचा आहे. व्यापारी बुद्धीला असे मार्ग चटकन सुचतात, आणि शास्त्रकारांना ते पूर्वीच ठाऊक होते. घरांची संख्या वाढू नये म्हणून दोन घरांमधली भिंत पाडून ‘एकच घर’ म्हणणे, हा त्यांनी पाचव्या अणुव्रताचा अतिचार मानला आहे. व्रताचा शब्द राखायचा आणि प्राण घालवायचा, ही युक्ती शेकडो वर्षांची आहे. बाईंना तिचा मोह झाला नाही असे नाही. मुलाची अडचण खरी होती, आणि त्याच्या मनात आईविषयी आदरच होता. परंतु आठ महिने दुसऱ्या गावच्या कागदावर नेम चालविण्याचे फळ त्यांनी नुकतेच पाहिले होते.

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, “घर सूनबाईंच्या नावाने घे. सवलत तीच मिळेल. या गावचा सूर्य, या गावचा पाऊस तिने सांभाळला आहे. हे घर तिचेच आहे. कागदावर आले एवढेच.”

सूनबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. लग्नाला २० वर्षे झाली होती; दागिने सोडले तर त्यांच्या नावे काहीही नव्हते, आणि त्यांनी ते कधी बोलूनही दाखविले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. हातातला डबा त्यांनी पुन्हा एकदा पुसला आणि बाईंच्या पाया पडल्या. मुलगा हिशेब करीत राहिला. नशिराबादचे घर विकले नाही तर कर्ज वाढणार होते. त्याने दोन शयनगृहांऐवजी एकाचा विचार केला, गाडी बदलणे पुढे ढकलले आणि इमारतीच्या मागच्या बाजूची, लहान, समुद्र न दिसणारी सदनिका पसंत केली. तिचा भाव कमी होता. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे.

नशिराबादचे घर का राखावयाचे, हेही बाईंनी सांगितले. जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये हे गाव असल्यामुळे पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींना तेथे थांबणे सोयीचे पडते. यजमान असताना कितीतरी वेळा ओसरीवर साध्वीजींचा मुक्काम झाला होता. ज्याची जागा वापरावी, त्या शय्यातराच्या घरची गोचरी साधू-साध्वी घेत नाहीत. म्हणून त्या दिवशी बाईंच्या घरची चूल पेटलेली असूनही गोचरी शेजारच्या घरांतून होई आणि त्या घरांना लाभ मिळे. जागा एकाची, दान दुसऱ्याचे, आणि पुण्य साऱ्या गल्लीचे. बंद कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहणे, ही त्या वास्तूची वहिवाट नव्हती.

फाल्गुनात, ऊन तापण्यापूर्वी, बाई महिनाभर नशिराबादला गेल्या. घर झाडून घेतले, ओसरी सारवून घेतली, शेजारणीकडे किल्ली दिली आणि कोणी साधू-साध्वी आले तर विचारण्यासाठी थांबू नये, असे सांगितले. वाळकेश्वरच्या स्वयंपाकघरात आता मुंबईच्या वेळांचे पत्रक आहे. ते नातीने लावले. जळगावचे पत्रक बाईंनी बरोबर नेले आणि ओसरीच्या भिंतीवर, जेथून ते काढले होते त्याच खिळ्याला लावले. तेथे त्याच्या वेळा बरोबर होत्या.

परत निघताना शेजारणीने विचारले, “मुंबईला करमते का हो बाई? समुद्र दिसतो ना घरातून?”

“आता दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “सूर्योदय दिसतो.”

धन मिळवून सुखाच्या ठिकाणी जाऊन राहणे, यात दोष नाही. आपले पूर्वजही मारवाडातून खान्देशात असेच आले, आणि येथली भाषा, येथले धान्य, येथला पाऊस त्यांनी आपला मानला, म्हणून येथे रुजले. नव्या गावी जाताना नेम बरोबर न्यावा, मोजमाप मात्र तेथले घ्यावे. आणि जुन्या गावी जे ठेवावे, ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे उघडे ठेवावे. समुद्र दिसणारी खिडकी पैशाने मिळते. उगवत्या सूर्याची साक्ष मात्र, घर कोणत्याही गावी असो, रोज पहाटे उठून घ्यावी लागते.